निवडणूक संपते, गाव राहते

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘ध्रुवीकरण’ हा शब्द निवडणुका जवळ आल्या की रोज कानावर पडतो. शब्द शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातून उचलल्यासारखा वाटतो. पृथ्वीला दोन ध्रुव आहेत आणि त्या ध्रुवांवर वस्ती जवळजवळ नाही. सगळे जग राहते ते मधल्या भागात. राजकारणात ध्रुवीकरण होते तेव्हा याच्या उलट घडते. माणसे मधला भाग सोडून दोन टोकांना जाऊन उभी राहतात. मध्ये कोणी थांबलाच तर दोन्हीकडचे लोक त्याला एकच प्रश्न विचारतात, ‘तू नेमका कोणाचा?’

बीड जिल्ह्याने हा प्रश्न २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत फार ऐकला. चहाच्या टपरीवर ऐकला, एसटीत ऐकला, लग्नाच्या पंगतीत ऐकला आणि मोबाइलवर तर दिवसरात्र ऐकला. म्हणून या विषयाची चर्चा दिल्ली-मुंबईपासून सुरू न करता आपण बीडपासूनच करू.

प्रथम एक फरक लक्षात घेऊ. मतभेद म्हणजे ध्रुवीकरण नव्हे. मतभेद तर घराघरात असतात. कांद्याच्या भावावरून तुमचे-माझे पटणार नाही, पण पाझर तलावाच्या प्रश्नावर आपण दोघे एकाच अर्जावर सही करू. म्हणजे आज तुम्ही माझ्या विरुद्ध, उद्या माझ्याबरोबर. लोकशाही अशा बदलत्या जोड्यांवर चालते. ध्रुवीकरणात मात्र सगळे वाद एकाच रेषेवर येऊन उभे राहतात. पाणी, शाळा, रस्ता, दुकान, पोलीस ठाणे, सोयरीक, कशावरही बोलायला घेतले तरी बाजू आधीच ठरलेली. माणूस काय म्हणतो हे ऐकण्याआधी त्याचे आडनाव ऐकले जाते.

हे वैर पूर्वापार नाही

‘आमच्याकडे हे असेच चालायचे’ असे काही जण म्हणतात. बीडचा इतिहास तसे सांगत नाही. १९६७ मध्ये या जिल्ह्याने लोकसभेवर क्रांतिसिंह नाना पाटील यांना पाठवले. ते मूळचे आजच्या सांगली जिल्ह्यातले आणि पक्ष कम्युनिस्ट. १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. १९८०, १९८४ आणि १९९१ मध्ये काँग्रेसच्या केशरकाकू क्षीरसागर निवडून आल्या. मधल्या काळात, १९८९ मध्ये, शेजारच्या पाथर्डी तालुक्यातले बबनराव ढाकणे जनता दलातर्फे विजयी झाले. १९९६ मध्ये भाजपच्या रजनी पाटील, नंतर जयसिंगराव गायकवाड, तेही आधी भाजपकडून आणि २००४ मध्ये राष्ट्रवादीकडून. २००९ आणि २०१४ मध्ये गोपीनाथ मुंडे.

ही यादी नीट पाहा. पक्ष वेगवेगळे, जाती वेगवेगळ्या, कोणी जिल्ह्याबाहेरचे, तर कोणी स्त्री. या काळात जात नव्हती असे नाही. उमेदवारी देताना जातीची बेरीज सर्वच पक्ष करत होते. पण मत देताना दुष्काळ, पक्षाची लाट, साखर कारखान्याचे राजकारण, माणसाचे काम आणि त्याची जवळीक यांनाही वजन होते. लातूरचे काँग्रेसचे विलासराव देशमुख आणि परळीचे भाजपचे गोपीनाथ मुंडे व्यासपीठावरून एकमेकांना टोले हाणत आणि त्यांची मैत्रीही सगळ्या मराठवाड्याला ठाऊक होती. विरोधक आणि वैरी हे दोन वेगळे शब्द आहेत, याचे भान त्या पिढीला होते.

ठिणगी कुठे पडली?

मराठा आरक्षणाचा प्रश्न जुना आहे. २०१८ मध्ये राज्याने त्यासाठी कायदा केला. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. २९ ऑगस्ट २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. ते मूळचे बीड जिल्ह्यातल्या मातोरीचे. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि आंदोलन राज्यभर पसरले.

मागणी समजून घेण्यासाठी थोडा इतिहास हवा. विदर्भातल्या अनेक कुटुंबांच्या जुन्या कागदपत्रांत ‘कुणबी’ अशी नोंद आहे. कुणबी इतर मागासवर्गात मोडतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथले दप्तर वेगळे, भाषा वेगळी, नोंदींची पद्धत वेगळी. ‘आम्हीही शेती करणारेच, मग आमची नोंद का नाही?’ हा मराठा समाजाचा प्रश्न. त्यासाठीच हैदराबाद संस्थानच्या गॅझेटचा आधार मागितला गेला. सरकारने नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली.

दुसऱ्या बाजूला इतर मागासवर्गीयांची भीती होती. ताट तेवढेच आणि जेवणारे वाढले तर आमच्या वाट्याला काय उरणार? वंजारी, माळी, धनगर आणि अशा अनेक लहान जातींना ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत जागा मिळू लागल्या त्या या आरक्षणामुळे. त्या जातील, ही धास्ती होती.

दोन्हीकडची चिंता खोटी म्हणता येत नाही. वाटण्या होऊन एकरा-दोन एकरांवर आलेली जमीन, लहरी पाऊस, पदवी घेऊनही घरी बसलेला मुलगा, हे दृश्य दोन्ही घरांत सारखेच आहे. खरे तर ही समान दुखण्याची दोन घरे. पण दुखणे समान असले म्हणजे माणसे एकत्र येतातच असे नाही. औषध थोडे आहे असे सांगितले की ती रांगेत एकमेकांना ढकलू लागतात.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचे घर पेटवण्यात आले. त्याच दिवशी बीड शहरात क्षीरसागर कुटुंबातल्या नेत्यांच्या घरांवर व कार्यालयांवर हल्ले झाले, जाळपोळ झाली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. पाठोपाठ १७ नोव्हेंबरला अंबडला इतर मागासवर्गीयांची मोठी सभा झाली. आणि मग, जखम ओली असतानाच, लोकसभेची निवडणूक आली.

१३ मे २०२४ रोजी बीडला मतदान झाले. ४ जूनची मतमोजणी रात्री उशिरापर्यंत चालली. राष्ट्रवादी (शरद पवार) पक्षाचे बजरंग सोनवणे यांनी भाजपच्या पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. हेच सोनवणे २०१९ मध्ये डॉ. प्रीतम मुंडे यांच्याकडून सुमारे १ लाख ६८ हजार मतांनी हरले होते. पाच वर्षांत एवढा फरक पडायला शेतमालाचा भाव, फुटलेले पक्ष, सरकारविषयीची नाराजी अशी इतर कारणेही होती. तरी जिल्ह्यात कोणालाही विचारा, त्या निवडणुकीचे वर्णन तो आडनावांत करील.

नेत्याचे वागणे

इथे आपण मुख्य मुद्द्याशी येतो. समाजात ताण असतो, तो नेता निर्माण करतोच असे नाही. पण निवडणुकीच्या आधीच्या दोन महिन्यांत त्या ताणाचे काय करायचे, हे बरेचसे नेत्याच्या हातात असते. जगभर फूट पाडणारे नेते जे करतात त्याचे ढोबळ चार भाग दिसतात. आपल्या गावातही ते ओळखता येतात.

पहिला भाग म्हणजे समाजाची एकगठ्ठा मोजणी. ‘अमुक समाज आमच्यामागे’ असे म्हटले की त्या समाजातल्या वेगळे मत असणाऱ्या माणसाची पंचाईत होते. त्याला गद्दार म्हणणे सोपे होते. दुसरा भाग म्हणजे साध्या निवडणुकीला अस्तित्वाची लढाई म्हणणे. आपण हरलो तर आपला समाजच संपला, असे एकदा मनात भरले की पराभव पचत नाही. तिसरा भाग बोलण्याचा नसून गप्प बसण्याचा आहे. नेता स्वतः संयमाने बोलतो, पण त्याच्या नावाने कार्यकर्ते मोबाइलवर जे विष पसरवतात त्याकडे डोळेझाक करतो. चौथा भाग म्हणजे निकालाआधीच निकालावर संशय घेऊन ठेवणे.

या चौथ्या भागाचे मोठे उदाहरण अमेरिकेने दाखवले. २०२० च्या निवडणुकीपूर्वी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी टपाली मतदानात लबाडी होणार असे वारंवार सांगितले. हरल्यास सत्ता शांततेने सोपवाल का, या प्रश्नाला त्यांनी सप्टेंबरमध्ये सरळ होकार दिला नाही. ते हरले, आणि ६ जानेवारी २०२१ रोजी त्यांच्या समर्थकांचा जमाव संसदेच्या इमारतीत घुसला. महिनोन्‌महिने पेरलेला संशय एका दुपारी उगवला. पुढे २०२४ मध्ये ते पुन्हा निवडूनही आले, म्हणजे मतदारांनी अशा वागण्याला शिक्षा केलीच पाहिजे असा नियम नाही.

बीडमध्ये ६,५५३ मतांच्या निसटत्या पराभवानंतर पंकजा मुंडे यांनी निकाल मान्य केला. पण तोवर निवडणूक लोकांच्या मनात फार खोल गेली होती. पराभव सहन न होऊन काही समर्थकांनी स्वतःचे जीवन संपवले. असे करू नका, अशी हात जोडून विनवणी करायची वेळ त्यांच्यावर आली. खासदार कोण व्हावा या प्रश्नापायी तरुण माणूस घरच्यांना सोडून जातो, याहून मोठी किंमत कोणती? आणि ही किंमत एकाच बाजूने मोजली असेही नाही. एकमेकांच्या दुकानांत पाऊल ठेवू नका, असे संदेश दोन्हीकडून फिरले. आक्षेपार्ह मजकुराबद्दल पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या वादातून ती झाली, असे तपास यंत्रणेच्या आरोपपत्रात म्हटले आहे. न्यायनिवाडा न्यायालय करील. पण खंडणी, गुंडगिरी आणि राजकीय आश्रय हा जो सर्वांच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता, त्याचीही चर्चा अनेक ठिकाणी मारणाऱ्याची जात आणि मेलेल्याची जात अशीच झाली. बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी २०२५ मध्ये पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवर फक्त नाव ठेवायला सांगितले, आडनाव काढायला लावले. तक्रार घेऊन आलेला माणूस हवालदाराचे आडनाव वाचून न्यायाचा अंदाज बांधू लागला, तर त्या खात्याला दुसरे काय सुचणार?

कायदा काय करू शकतो?

कायदा नाही असे नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १२३ नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावाने मत मागणे, तसेच या आधारांवर वैर पसरवणे हा भ्रष्टाचार ठरतो आणि निवडणूक रद्द होऊ शकते. कलम १२५ नुसार निवडणुकीत वैर पसरवणे हा तुरुंगवासाचा गुन्हाही आहे. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले की उमेदवाराची जात-धर्म जसा चालत नाही, तसा मतदाराच्या जाती-धर्माचा आधार घेऊन मत मागणेही चालणार नाही.

आरक्षण मागणे किंवा त्याला विरोध करणे हा मात्र गुन्हा नव्हे. ती सरकारकडे केलेली मागणी आहे. बिघडते ते त्या मागणीचे रूपांतर शेजाऱ्याविरुद्धच्या रागात होते तेव्हा.

मग कायदा कमी कुठे पडतो? त्याची चाल संथ आहे. मुंबईतल्या विलेपार्ले मतदारसंघात डिसेंबर १९८७ मध्ये पोटनिवडणूक झाली. प्रचारात धर्माच्या नावाने मते मागितल्याबद्दल डॉ. रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते डिसेंबर १९९५ मध्ये कायम केले. प्रचारसभा घेणारे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही नंतर सहा वर्षांसाठी गेला. निकाल ठाम होता, पण यायला आठ वर्षे लागली. निवडणूक आयोग लवकर हलतो, पण त्याचा हात हलका पडतो. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांच्या भाषणांविरुद्ध तक्रारी आल्या तेव्हा आयोगाने नोटिसा त्या दोघांना न पाठवता त्यांच्या पक्षाध्यक्षांना पाठवल्या.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. पूर्वी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांवरच्या मतपत्रिका मोजण्यापूर्वी एकत्र मिसळता येत. मतदान यंत्र आल्यापासून प्रत्येक केंद्राची मते वेगळी कळतात. लहान गावात एकच केंद्र असते. म्हणजे कोणत्या गावाने, कधीकधी कोणत्या वस्तीने कोणाला किती मते दिली हे दुसऱ्या दिवशी उघड होते. मग ‘त्यांनी आपल्याला पाडले’ या बोलण्याला आकड्याचा पुरावा मिळतो आणि त्या गावाचा रस्ता, टँकर, रोहित्र यांचा हिशेब त्यावरून लागतो. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ यंत्र वापरावे असे आयोगाने सुचवले. २०१५ मध्ये विधी आयोगानेही ते उचलून धरले. केंद्र सरकारने मात्र ते स्वीकारले नाही. मत गुप्त असते हे आपण शाळेत शिकतो. माणसाचे मत गुप्त राहते, गावाचे राहत नाही.

काय हरवले?

ध्रुवीकरणाचा सगळ्यांत मोठा तोटा असा की जे प्रश्न सर्वांचे असतात त्यांना वाली उरत नाही. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. बीड शहरात रेल्वे पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. एका पिढीचा जन्म, शिक्षण आणि लग्न एवढ्या काळात उरकते. दुसरा प्रश्न ऊसतोड बायकांचा. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ही आकडेवारी वाचताना कोणाच्या मनात त्या बायकांची आडनावे येतात का? पण निवडणुकीत या आकड्यावर किती सभा झाल्या, हे आपणच आठवून पाहावे.

धार्मिक परंपराही या ओढाताणीतून सुटत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, एकाच दसऱ्याला, जिल्ह्यात दोन मोठे मेळावे झाले. सावरगाव घाटला पंकजा मुंडे यांचा आणि नारायणगडावर मनोज जरांगे यांचा. मोबाइलवर लगेच कोणाची गर्दी मोठी याची मोजदाद सुरू झाली. पण सावरगाव घाट ही ज्यांची जन्मभूमी, त्या संत भगवानबाबांचे गुरू होते नारायणगडाचे माणिकबाबा. दोन गडांमध्ये गुरू-शिष्याचे नाते आहे, आणि ते आजच्या कोणत्याही पक्षापेक्षा जुने आहे.

मतदाराने मग काय करायचे? कोणत्याही निवडणुकीत, कोणत्याही व्यासपीठासमोर बसल्यावर तीन गोष्टी मनाशी विचारता येतील. हा नेता मला काय देणार हे सांगतो आहे की कोणाला धडा शिकवणार हे सांगतो आहे? आपल्याच कार्यकर्त्याला त्याने कधी चारचौघांत आवरले आहे का? आणि हरला तर हा दुसऱ्या दिवशी काय बोलेल? या तीन प्रश्नांना जात नाही. आपल्या समाजाच्या नेत्यालाही ते विचारता येतात. किंबहुना आधी त्यालाच विचारायला हवेत, कारण दुसऱ्या समाजाने विचारले तर तो ते टीका म्हणून झटकून टाकील.

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या टोळीत मराठा असतो, वंजारी असतो, दलित असतो, बंजारा असतो. फडात कोयत्याला जात विचारली जात नाही. मागे गावात राहतात म्हातारे आईवडील, शाळेत जाणारी मुले, एखादी गाभण गाय आणि कुलूप लावलेले घर. पाच-सहा महिने हे सगळे कोणाच्या भरवशावर असते? पक्षाच्या नव्हे, नेत्याच्या नव्हे, शेजाऱ्याच्या. रात्री-अपरात्री म्हातारीच्या छातीत दुखले तर दार वाजते ते शेजारचे. निवडणुकीच्या दोन महिन्यांत आपण जे बोलतो, पुढे पाठवतो आणि ऐकून घेतो, त्याने हा शेजार तुटणार असेल, तर निकाल कोणाच्याही बाजूने लागो, गावाने काहीतरी गमावलेले असते. ते परत मिळवून द्यायला कोणताही उमेदवार येत नाही.